पालथी पायरी

विटेला चाळीस पेन्स,
पण चुन्यात बसवलेली हवी.
हातोडीच्या एका टकोऱ्याला सुटते ती,
अंगावरचा चुना झटकून हातात येते,
सव्वाशे वर्षांची, कोरडी,
शिळ्या पावासारखी हलकी.
मागची खोली बहात्तर साली वाढवली, ती सिमेंटात.
तिथली वीट तुटते, पण शेजारणीला सोडत नाही.
ती सगळी भरावाला.

हे लाँगटन. इथे एके काळी गावभर भट्ट्या होत्या
कपबशा भाजायच्या. भाजताना चिरलेलं भांडं
मालक फेकायचे, कामगार घरी न्यायचे.
त्यावरून पबचं नाव, द क्रॅक्ड जग.
मी नवा होतो तेव्हा घरी पत्रात लिहिलं,
संध्याकाळी चिरलेल्या जगात जाऊन बसतो.
वडिलांनी उलट टपाली विचारलं,
प्रकृती ठीक आहे ना? पैसे पाठवू का?

प्रकृती ठीक होती.
काउंटरमागची एनिड सगळ्यांना 'डक' म्हणायची, मलाही.
आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला बदक म्हटलं
आणि मी रागावलो नाही.
केळुसकरचा तिच्या पाटीवर 'केल' झाला.

आता त्याच जगाची मी यादी करतोय
वखारीच्या मालकासाठी, खाली कार्बन लावून.
हिरव्या झिलईच्या फरशा, दोनशे बारा,
पैकी सहांचे टवके उडालेले.
घंटा, एक.
महोगनीचा काउंटर, अठरा फूट.
लंडनच्या कुठल्याशा हॉटेलाला हवाय
ग्लासांच्या वर्तुळांसकट.
वर्तुळं जितकी जास्त तितका दर जास्त,
आणि आम्ही ती फुकट उमटवत होतो.
डार्ट्सच्या फळीभोवतीची भिंत, भोकाभोकांची.
नेम चुकलेल्यांच्या भिंतीला गिऱ्हाईक नाही.

काउंटर उचलला तर खाली
एक कवळी, सिक्सपेन्सची तीन नाणी
आणि हॉरेस बूनची किल्ली,
जिच्यापायी त्याने एकोणनव्वदच्या नाताळात
स्वतःच्याच घराची खिडकी फोडली होती.
हॉरेस गेला. ते घरही गेलं.
किल्लीला गंज नाही.
आणि ती पाटी. कोपरा फुटलेली.
'केल, अर्धा पाइंट.'
ती यादीत घातली नाही, खोटं कशाला सांगू.
जाकिटात घातली.

सगळ्यात शेवटी दारातली पायरी.
दगडाची, मधोमध झिजून बशी झालेली.
अशीला भाव नसतो,
पण दगड टणक असला तर गवंडी ती पालथी घालतात,
कोरी बाजू वर, आणखी शंभर वर्षं.
डॅरनने पहार घातली, मी खांदा दिला,
उलटली.

खालची बाजूही झिजलेली.
तशीच, मधोमध, जरा डावीकडे.

डॅरन बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, तिसरी बाजू नाही की हिला.

एनिड सकाळपासून रस्त्यापलीकडे उभी होती.
छप्पर उतरलं तेव्हा बोलली नाही,
घंटा गेली तेव्हाही नाही.
आता पिशवी सावरत आली.
कितीला देणार?
म्हटलं, भाव नाही हिला.
मग फुकट आहे म्हण ना, डक.
पण ठेवशील कुठे? तू तिसऱ्या मजल्यावर,
तुझं दार लिफ्टसमोर उघडतं.

त्यावर ती काही बोलली नाही.
पायरीवरच बसली, पालथ्या बाजूच्या खळग्यात,
ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी.
मी लिहिलं, पायरी, एक. दोन्ही बाजूंनी वापरलेली.
दराचा रकाना तसाच सोडला.
मग खिसे चाचपून
अर्ध्या पाइंटाचे पैसे तिच्यापुढे धरले.

घेतले तिने.
मोजून.